सुपाचा पोत, केळीचा धागा: आहेराच्या पाकिटांचं एक प्रकरण

हे प्रकरण जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं. जुन्या वह्या, शिंप्याकडची सुती कातरण आणि घरचा थोडा कापूस यांच्यापासून गटातल्या बाया हातकागद करतात. कागद त्यांचा चांगला निघतो. जाड, पांढुरका, कडांना मऊ झालर सुटलेली. त्याच्या पिशव्या, डायऱ्यांची वेष्टणं, राखीची पाकिटं करून त्या शाळेत आणि तालुक्याच्या बाजारात विकतात. जळगावच्या एका लग्नसाहित्याच्या दुकानदाराने त्यांच्याकडे आहेराची पाकिटं मागितली. तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईसाठी माल हवा होता आणि अट एकच होती: कागद साधा नको, हाताला लागला पाहिजे, पोत पाहिजे.

पोत पाहिजे म्हणजे कागदात किंवा कागदावर काहीतरी घालायला पाहिजे, असा अर्थ बायांनी लावला. बहुतेक जण तोच लावतात. श्रावणात निंदणीतून थोडी उसंत मिळाली तशी त्यांनी घरात जे होतं त्यातून चार तऱ्हेचे नमुने केले. पहिल्यात कांद्याची सालं लगद्यात घातली. दुसऱ्यात केळीच्या खांबाचा धागा काढून मिसळला. तिसऱ्यात तयार कागदावर तांदळाच्या पिठाची खळ फासून वर रांगोळी आणि बारीक रेती भुरभुरली. चौथ्यात त्याच खळीवर साबुदाणा आणि ज्वारीची कणी चिकटवली, आणि खरं सांगायचं तर तो नमुना सगळ्यात देखणा होता. दुकानदाराला चारही आवडले. त्याने थोडा माल लगेच करून घेतला, कपाटात ठेवला आणि भाद्रपद संपायच्या आत सगळा गठ्ठा परत पाठवला.

मी जळगावात हस्तकलेचे वर्ग घेते आणि कागदाचं काम माझ्या विशेष आवडीचं. गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशींचा फोन आला, "ताई, एकदा येऊन बघाच."

ओसरीवर गठ्ठा सोडला. वरचं पाकीट उचललं तशी त्याच्यावरची रांगोळी सतरंजीवर पडली आणि तिच्या जागी खळीचा पिवळट पापुद्रा उरला. साबुदाण्याच्या पाकिटांना कुबट वास येत होता, दाण्यांच्या मुळाशी हिरवट-काळी बुरशी धरली होती. त्यातली काही उजेडात धरली तर कसर लागलेली, कागद जागोजागी खरवडून पातळ झालेला. कांद्याच्या सालीभोवती तांबूस डाग पसरले होते. केळीच्या धाग्याचा कागद सगळ्यात टणक होता, पण धाग्यांची टोकं काट्यासारखी वर आली होती आणि पाकीट मधूनच पिळवटलं होतं.

"कागद तं चांगला होता व ताई, मग हे बुरं कुठून आलं?" गटातल्या थोरल्या मावशींनी विचारलं. त्यांचा प्रश्न अगदी मर्मावर होता. साध्या कागदाची पाकिटं त्याच पावसाळ्यात इथे घरी, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली होती आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

कागद कशाने धरून राहतो

वहीचा असो की कापसाचा, कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. ओल्या लगद्यातलं पाणी निघत जातं तसे हे तंतू एकमेकांच्या जवळ ओढले जातात आणि पाणी उडालं की त्यांच्यामध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. त्यासाठी गोंद लागत नाही. पण तंतू तंतूलाच धरतो. कांद्याच्या सालीच्या अंगावर मेणचट आवरण असतं, ती तंतूला धरत नाही. कागदात ती असते तेवढी जागा पोकळच राहते. रांगोळी आणि रेती ही तर दगडाची भुकटी, ती नुसत्या खळीच्या भरवशावर बसलेली. खळ दमट हवेत मऊ पडते, कोरड्या हवेत तडकते आणि पाकीट दुमडलं की सुटते. साबुदाणा आणि कणी हे सरळसरळ अन्न. पावसाळ्यात महिनाभर उघडं ठेवलेलं अन्न जसं व्हायचं तसंच ते झालं, आणि कसरीलाही स्टार्चच आवडतो.

बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, मग कसर येत नाही, असं गटातल्या एकीने सुचवलं. खरं आहे, घालतात. पण मोरचूद विषारी आहे आणि आहेराचं पाकीट लहान मुलांच्या हातात जातं, कधी पेढ्याच्या खोक्यावर ठेवलं जातं. या कामात मोरचूद नको, यावर मी अडून राहिले.

त्यानंतर आम्ही घरातल्या वस्तूंची तीन ढिगांत वाटणी केली. काही वस्तू धागा आहेत: केळीचं सोपट (खांबाचा एकेक पदर), कापूस, जुनं सुती लुगडं. काही अन्न आहेत: पीठ, दाणे, डाळी, कणी. आणि काही नुसता आकार आहेत: सूप, चाळणी, चटई, सोऱ्याची ताटली, गोधडी. धागा कागदात घालावा, पण शिजवून. अन्न कागदापासून लांब ठेवावं. आकार घालायचाही नाही आणि चिकटवायचाही नाही. त्याच्यावर ओला कागद दाबायचा, कागद सुकला की ती वस्तू पुन्हा घरात वापरायला न्यायची. कागदावर काही उरत नाही, म्हणून गळत नाही, बुरसत नाही, किडत नाही. घरच्या वस्तूंनी पोत द्यायचा तर पहिली निवड याच ढिगातून करावी, असं माझं ठाम मत आहे. हौशी लोक नेमके उलट्या वाटेने जातात, आधी फेव्हिकॉल उघडतात.

कागदाला खडबडीतपणा मुद्दाम द्यायचा ही आपल्याकडे अलीकडचीच आवड आहे. एरंडोलला एके काळी हातकागदाचा धंदा होता, इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तिथल्या जाड्याभरड्या कागदाचा उल्लेख आहे. त्या काळच्या कारागिराची खटपट मात्र कागद गुळगुळीत करण्यासाठी असे. खळ द्यायची, दगडाने किंवा शिंपल्याने घोटायचं, म्हणजे बोरू अडखळत नाही. लिहायचा कागद असाच हवा. आहेराच्या पाकिटावर एक नाव आणि "शुभाशीर्वाद" एवढंच लिहायचं असतं, बाकी सगळा कागद हातात घेण्यासाठी असतो. तरीही ते नाव लिहिता आलं पाहिजे. हा मुद्दा पुढे बराच छळणार होता.

केळीचा धागा आणि हळदीची चिमूट

यावल-रावेर म्हणजे केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घड उतरल्यावर उरलेला खांब अजूनही बहुतेक शेतांत बांधावर पडतो नाहीतर रोटाव्हेटरखाली जातो. त्या खांबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. सोपटं सुटी करायची, एकेक पट्टी फळीवर ठेवून चाकूच्या बोथट बाजूने खरवडायची, गर निघून जातो आणि धागा उरतो. इथवर बायांनी बरोबर केलं होतं. मग तो धागा धुऊन, वाळवून तसाच लगद्यात टाकला होता, तिथे गाडी अडली.

कच्च्या धाग्यात तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन आणि पेक्टिन असतं. असा धागा पाण्यात नीट फुगत नाही. कागद सुकताना आकसतो, धागा आकसत नाही, ताठच राहतो. टोकं वर येणं आणि पाकीट पिळवटणं ही दोन्ही लक्षणं एकाच कारणाची.

उपाय शिजवण्याचा. धाग्याचे सेंटिमीटरभर तुकडे केले. कोरड्या धाग्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवला, म्हणजे १०० ग्रॅम धाग्याला २० ग्रॅम. खाण्याचा सोडा चालत नाही, आणि कॉस्टिक सोड्याला घरात हात लावू नये. अंगणातल्या चुलीवर मंद आचेवर दोन-तीन तास शिजवलं. भांडं स्टीलचं घ्यावं. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा खातो, आणि लोखंडी कढईत केळीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून सगळा लगदा काळा करतं. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे या भागातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. तो डाग आणि हा काळेपणा यांच्या मुळाशी एकच कूळ आहे. चिमटीत धरून हलकं ओढलं की धागा उकलतो, तेव्हा तो शिजला.

मग धुणं. पाणी आधी चहासारखं येतं, हळूहळू निवळतं. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे सोडा गेला असं मात्र नाही. त्यासाठी घरातच उत्तम कसोटी आहे. पिळलेल्या धाग्याची चिमूट पांढऱ्या बशीत ठेवायची आणि वर पाण्यात कालवलेली हळद लावायची. मावशींनी लावली. हळद बघता बघता विटकरी लाल झाली. बाया एकदम पुढे सरकल्या. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो लाल होतो हे रोजचंच, पण ते इथे उपयोगी पडेल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. सोडा-साबणासारखा अल्क लागला की हळद लाल होते. पुन्हा धुतलं, पुन्हा हळद लावली, किंचित केशरी. आणखी धुतलं. हळद पिवळीच राहिली तेव्हा धागा लगद्यात घातला.

आहेराच्या पाकिटाला ही कसोटी फार मोलाची आहे. लग्नघरात प्रत्येकाच्या बोटाला हळद असते. कागदात सोडा राहिला तर जिथे बोट लागेल तिथे लाल डाग उमटेल, आणि घेणाऱ्याला वाटेल पाकीट जुनं आहे.

धागा किती घालावा? लगद्याच्या कोरड्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. बायांनी त्याच्या कितीतरी पट घातला होता, कारण जास्त धागा म्हणजे जास्त पोत असं वाटतं. जास्त झाला की धाग्याच्या गुठळ्या होतात. त्यावर भेंडीचं पाणी चांगलं: चार-पाच जून भेंड्या ठेचून पाण्यात ठेवायच्या, बुळबुळीत पाणी गाळून टबात ओतायचं. पाणी दाटसर होतं, लांब तंतू तरंगत राहतात, एकमेकांत गुंतत नाहीत आणि कागद उचलायच्या जाळीच्या चौकटीवर सारखे पसरतात. जपानी कारागीर यासाठी भेंडीच्याच जातकुळीतल्या एका झाडाच्या मुळांचा चिकट रस वापरतात. घरच्या कापसालाही हेच पाणी लागतं. कापूस तसाच टाकला तर पाण्यावर तरंगतो, कारण त्याच्यावर नैसर्गिक मेण असतं. तोही आधी सोड्यात उकळून घ्यायचा आणि कात्रीने बारीक करायचा, नाहीतर मिक्सरच्या पात्याला वेटोळं बसतं.

कांद्याच्या सालीचं काम सोपं निघालं. सालं वीस मिनिटं उकळून रंगाचं पाणी वेगळं काढलं, मग डाग पसरेनात. ते पाणी वाया जात नाही, लगद्याला त्याचा सुंदर तांबूस-सोनेरी रंग येतो. सालं लगद्यात न मिसळता एका पातळ ओल्या कागदावर मांडायची आणि वर दुसरा पातळ ओला कागद उपडा करायचा. दोन्ही कागदांचे तंतू सालीच्या कडेने एकमेकांना धरतात आणि साल आत कोंडली जाते. झेंडूच्या पाकळ्यांचंही असंच करता येतं. झेंडू पिवळा राहतो, गुलाब मात्र तपकिरी पडतो.

सूप

आता या प्रकरणाचा गाभा. मावशींच्या घरात बुरुडाकडून आणलेलं नवं सूप होतं, अजून न लिंपलेलं. पूर्वी सुपं-टोपल्या लिंपायला कागदाचा लगदा आणि भिजवलेली मेथी वाटून वापरत. थोरल्या मावशींनी ते स्वतः केलेलं होतं आणि लगदा हातात किती घट्ट यावा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. लिंपलेल्या सुपाची वीण बुजलेली असते, म्हणून या कामाला कोरं सूप. बांबूच्या पट्ट्यांची ती तिरपी वीण कागदावर उमटली की तिरकस उजेडात कागद विणलेलाच वाटतो.

सगळा खेळ ओलीचा आहे. चौकटीवरून उतरवलेला कागद लगेच सुपावर टाकला तर लगदा विणीच्या फटींत शिरतो आणि सोडवताना फाटतो. फार दाबून पाणी काढलं तर तंतू एकमेकांना धरून बसतात आणि वीण उमटत नाही. मधली वेळ ओळखायची खूण अशी: कागद ओल्या लुगड्यावर, वर दुसरं लुगडं, वर पाट, पाटावर वजन. पाणी निथळायचं थांबलं की वरचं कापड काढून कोपऱ्यात अंगठा दाबायचा. ठसा राहिला आणि कडेला पाणी दिसलं नाही, तर वेळ झाली. पाणी डोकावलं तर अजून दाबायचं.

मग कापडासकट कागद उचलून सुपावर उपडा करायचा, कापड वर राहतं. कापडाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत जायचं, घासायचं नाही. सुपाला बाक असतो, त्यामुळे वर पाट ठेवून चालत नाही, पाट फक्त मध्यावर टेकतो. आम्ही ओल्या रेतीची कापडी पिशवी ठेवली. रेती बाकात बसते आणि सगळीकडे सारखा दाब देते.

पहिला कागद बायांनी तासाभरात काढला, कारण वीण स्पष्ट उमटलेली दिसत होती. दोरीवर वाळत घातला. संध्याकाळपर्यंत वीण निम्मी पुसली गेली होती. तंतूंचे बंध कागद सुकताना पक्के होतात. ओल्या कागदाला नुसता आकार मिळतो, तो धरून ठेवायची ताकद त्याच्यात अजून आलेली नसते. म्हणून कागद पूर्ण सुकेपर्यंत सुपावरच राहू द्यायचा. पिशवी काढायची, वरचं कापड हळूच सोडवायचं आणि सूप सावलीत, वाऱ्याला ठेवायचं.

कापड सुटत नव्हतं तेव्हा थोरल्या मावशी पुढे आल्या. उन्हाळ्यात लुगड्यावर ज्वारीचे बिबडे (पापड) टाकतात, वाळले की लुगडं उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडतात आणि बिबडा अलगद सुटतो, तसंच त्यांनी कापडाच्या पाठीवर पाण्याचा हात फिरवला. कापड सुटलं, कागदाला धक्का लागला नाही. ही युक्ती मला माहीत नव्हती. आता वर्गात मी ती शिकवते.

जाडीचंही एक गणित आहे. पातळ कागदावर वीण खोल उतरत नाही. सुपासाठी २०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास कागद हवा. २०० जीएसएमचा ए-फोर आकाराचा कागद म्हणजे साडेबारा ग्रॅम कोरडा लगदा. गटाचा नेहमीचा कागद याहून बराच हलका होता. चौकट टबात बुडवून काढण्याऐवजी मोजून घेतलेला लगदा थेट चौकटीत ओतायचा, पाण्यात हलवून सारखा करायचा, मग उचलायचं. वेळ जास्त जातो, पण प्रत्येक कागद सारखा येतो.

बाकीच्या वस्तूंवरही हात फिरवून पाहिला. पिठाच्या चाळणीने बारीक, सारखे ठिपके येतात आणि स्टीलवरून कागद सहज सुटतो. किसणी कागद फाडते, तिच्या वाटेला जाऊ नये. बारदानाची वीण सुरेख उमटते, पण तागाची लव कागदाला चिकटते आणि तागातला पिवळट रंग पाण्याबरोबर उतरतो. सोड्यात उकळून घेतलेलं बारदानही फक्त गडद कागदालाच बरं. सोऱ्याच्या चकलीच्या ताटलीची चांदणी लहान मुलांच्या वाढदिवसाच्या पाकिटाला शोभते. केळीचं वाळलेलं पान वापरलं तर समांतर शिरा रेघ मारल्यासारख्या येतात. ओलं पान नको, चिकाचा डाग पडतो. मला स्वतःला सगळ्यात भावली ती गोधडी. तिच्या धावदोऱ्याच्या ओळी कागदावर इतक्या हलक्या उमटतात की डोळ्याआधी बोटाला कळतात. दुकानाच्या दिव्यात ती नजाकत दिसणार नाही हे मान्य, म्हणून या मालासाठी ती बाजूला ठेवली.

कागदाचं पाकीट होताना

पोत जमला म्हणजे पाकीट जमलं असं नाही. इथे तीन अडचणी आल्या आणि तिन्ही खडबडीत पृष्ठभागाच्या होत्या.

पहिली, नाव कुठे लिहायचं. जेल पेन विणीवरून उड्या मारत जातं. यासाठी ओला कागद सुपावर टाकायच्या आधी, नावाच्या जागी प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाचा सपाट आयताकृती तुकडा ठेवला. तेवढ्या जागी वीण उमटली नाही, गुळगुळीत चौकोनी खिडकी राहिली. शाई फुटू नये म्हणून त्या खिडकीवर अगदी पातळ खळीचा एक हात. पसाभर पाण्यात चिमूटभर आरारूट शिजवलं तर पुरतं, आणि ते लगेच कडकडीत सुकवायचं. खळ अन्नच आहे हे खरं, पण कागदात मुरून सुकलेला पातळ हात आणि वर फासलेला जाड थर यांत फार अंतर आहे. सुकलं की वाटीच्या बुडाने घोटलं. एरंडोलच्या कागदाची जुनी रीत या इंचभर जागेत कामी आली.

दुसरी, चिकटवायची पट्टी. विणीच्या कागदाला गोंद फक्त उंचवट्यांवर लागतो, त्यामुळे पाकिटाच्या बाजू उकलत. पट्ट्यांच्या जागीही सपाट तुकडे ठेवले. दुमडीची रेघ चमच्याच्या दांड्याने आधी ओढून घेतली आणि केळीचा धागा त्या रेघेपासून बोटभर लांब ठेवला. रेघेवर धागा आला तर तिथूनच कागद तडकतो.

तिसरी, रुपया. आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं हवंच, आणि पोताच्या कागदावर चिकटवलेलं नाणं प्रवासात गळतं. यावर उपाय गटातल्या सगळ्यात तरुण सुनेने काढला. ओल्या कागदावर झाकणाच्या तुकड्याबरोबर तिने धुतलेलं नाणंही दाबून ठेवलं आणि कागद सुकेपर्यंत काढलं नाही. सुकल्यावर नाणं उचललं तर त्याच्या मापाची नेमकी खोबण तयार. नाण्यावरची अक्षरंसुद्धा उलटी उमटलेली. गोंदाचा एक थेंब लावून नाणं परत बसवलं की ते पाकिटाच्या पातळीत येतं, कडेला नख लागत नाही, निसटत नाही. या सबंध कामातली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच, आणि ती पुन्हा दाबण्यातूनच आली.

सुकवणं, आणि सुपांची टंचाई

नवीन नमुने आश्विनात केले, ऑक्टोबरच्या उन्हाने हवा कोरडी झाली होती. तरी कागद सावलीतच सुकवला. उन्हात ठेवला की कडा आधी सुकून आकसतात, मधला भाग ओला असतो, आणि कागदाला फुगवटे येतात. वैशाखात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना आणि झळा लागत असताना, हे आणखी जपावं लागतं. तेव्हा कागद घरातच ठेवलेला बरा. सुपाचा बाक कागदात थोडा उतरतो. तो काढायला सुकलेले कागद गोधडीच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर हलकं वजन दिलं. गोधडी मऊ असल्याने वीण चेपत नाही. पाटाखाली ठेवले असते तर सगळी मेहनत सपाट झाली असती.

दुकानदाराने या वेळी नमुने घेऊन लगेच होकार दिला नाही, काही दिवस कपाटात ठेवले, आणि तसं करणं योग्यच होतं. सुपाच्या विणीचं पाकीट आणि केळीच्या धाग्याचं पाकीट त्याने घेतलं. कांद्याच्या सालीचं नाकारलं, लग्नाला रंग उदास वाटतो म्हणाला. ती पाकिटं गटाने दिवाळीच्या फराळाच्या डब्यांवर लावायला विकली.

मग खरा पेच आला. कागद सुकेपर्यंत सुपावरच ठेवायचा, म्हणजे एका सुपावर दिवसाला जेमतेम एक-दोन कागद. मागणी पाहता हे परवडणारं नव्हतं. जेवणाच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या विणलेल्या मॅट घ्याव्यात, असं तरुण बायांचं म्हणणं पडलं: स्वस्त, सपाट, कागद पटकन सुटतो. थोरल्या मावशींना ते मुळीच पटलं नाही. मी त्यांच्या बाजूने बोलले. प्लॅस्टिकची वीण यंत्राची असते, प्रत्येक चौकोन दुसऱ्यासारखा. बांबूची पट्टी कुठे रुंद, कुठे चिरलेली, कुठे पेर आलेलं, आणि कागदावर हात फिरवताना तोच फरक जाणवतो. दुकानदार ज्याचे पैसे देत होता ते हेच.

तोडगा बुरुडाने काढला. त्याच्या मते या कामाला सूप नको होतं, नुसता सुपाचा तळ हवा होता: त्याच तिरप्या विणीचा, कडा न वळवलेला, चौकोनी आणि सपाट. सुपाच्या काठाचं आणि बाकाचं काम वाचल्याने तो स्वस्तात पडला. असे तळ एकावर एक, मध्ये विटांचे तुकडे देऊन रचता येतात, वारा खेळतो आणि ओसरीच्या एका कोपऱ्यात सगळा माल सुकतो. रेतीच्या पिशवीचीही गरज उरली नाही, पाट चालतो. नवा तळ वापरायच्या आधी एकदा पाण्यात भिजवून वाळवायचा आणि त्याच्यावरची बारीक कुसं जुन्या कपड्याने पुसून काढायची, नाहीतर पहिल्या काही कागदांना बांबूची कुसं लागतात. प्लॅस्टिकच्या मॅट गटाने घेतल्याच, पण त्या शाळेतल्या मुलांच्या कार्यानुभवाच्या तासाला देतात.